आपली वेळ येईपर्यंत
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनाला चार शब्द बोलायचे, असे चिटणीसबाईंनी सांगितले तेव्हा माझी पाचावर धारण बसली. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. आजवर या सभागृहात माझा आवाज निघाला तो पोहे किती भिजवायचे आणि चहाला दूध किती लागेल एवढ्यापुरताच. पण गेल्या महिन्याच्या बैठकीत एक प्रश्न निघाला आणि तो माझ्या मनातून जाईना. यंदा मंडळाने खेळात चमकलेल्या मुलीला बक्षीस द्यावे, असे ठरत होते. तेव्हा एक वहिनी म्हणाल्या, "बक्षीस द्या, पण जिंकलेलीला द्या. नुसत्या बसून येणाऱ्या मुलींना काय द्यायचे?" वहिनींचे म्हणणे चुकीचे होते असे मी म्हणत नाही. त्याच आठवड्यात मीही घरी तेच बोलले होते. म्हणून आज त्याविषयीच बोलणार आहे.

आपण दादरच्या बायका. शिवाजी पार्क आपल्याला अंगणासारखे. सकाळी दूध आणायला जाताना पांढऱ्या कपड्यांतली पोरे खांद्यावर त्यांच्या वजनाएवढी पिशवी घेऊन जाताना दिसतात. या मैदानाला आधी माहीम पार्क म्हणत. 1927 साली, शिवाजी महाराजांच्या जन्माच्या त्रिशताब्दीच्या निमित्ताने, त्याला आजचे नाव मिळाले. आणि ते द्यावे म्हणून महापालिकेत आग्रह धरला तो एका बाईने, अवंतिकाबाई गोखले यांनी. ज्या मैदानाचे नावच एका बाईच्या शब्दाने पडले, तिथे आपल्या मुलींनी जावे की नाही हा प्रश्न खरे तर उरू नये.

याच मैदानावर रमाकांत आचरेकर सरांनी मुले घडविली. त्यांचा जन्म 1932 सालचा. ते स्टेट बँकेत नोकरीला होते. स्वतः मोठ्या दर्जाचा असा एकच सामना त्यांना खेळायला मिळाला. नोकरी सांभाळून सकाळ-संध्याकाळ ते मैदानावर उभे राहत आणि आपल्या भवानी शंकर रस्त्यावरच्या शारदाश्रम शाळेच्या मुलांना शिकवीत. चंद्रकांत पंडित, प्रवीण आमरे, विनोद कांबळी, अजित आगरकर, सचिन तेंडुलकर, किती नावे घ्यावीत! सरकारने त्यांना 1990 साली द्रोणाचार्य पुरस्कार आणि 2010 साली पद्मश्री दिली. 2 जानेवारी 2019 रोजी सर गेले. 3 डिसेंबर 2024 रोजी, त्यांच्या जयंतीला, पार्काच्या पाच नंबरच्या प्रवेशद्वाराजवळ त्यांचे स्मारक उभे राहिले. आपल्यापैकी बऱ्याच जणी रोज त्याच्यापुढून जातात. उद्या जाताना क्षणभर थांबून पाहा.

सरांची शिकवण्याची रीत सचिन तेंडुलकरांनी पुष्कळदा सांगितली आहे. संध्याकाळी मूल दमले की सर यष्टीवर एक रुपयाचे नाणे ठेवीत. जो गोलंदाज सचिनला बाद करील त्याला ते नाणे. कोणीच बाद करू शकले नाही, तर ते सचिनचे. अशी तेरा नाणी त्याने मिळविली आणि ती अजून जपून ठेवली आहेत. रुपया तो काय! पण दमल्यावरही मन ठिकाणावर ठेवायला शिकविणारा तो रुपया होता. एका मैदानावरचा सामना संपला की सर त्याला आपल्या स्कूटरवर मागे बसवून दुसऱ्या मैदानावर नेत. आणि इतके करूनही तोंडभर शाबासकी म्हणून नाही! 2013 साली निवृत्त होताना वानखेडे मैदानावर सचिननी सांगितले, की एकोणतीस वर्षांत सर त्यांना एकदाही 'छान खेळलास' असे म्हणाले नाहीत. मूल डोक्यावर चढेल, आपल्यातच खूश राहून मेहनत सोडील, ही त्यांना भीती.

त्याच भाषणात आणखी एक गोष्ट होती. ती ऐकताना मी हातातली भाजी निवडायची थांबले. सचिनची शाळा दादरला आणि घर वांद्र्याला. जाण्यायेण्याचा त्रास वाचावा म्हणून तो कितीतरी दिवस शिवाजी पार्कजवळ आपल्या काका-काकूंकडे राहिला. दिवसभर खेळून पोरगे इतके दमायचे, की जेवताना डोळे मिटायचे. तेव्हा काकू त्याला आपल्या हाताने भरवीत, उद्या पुन्हा खेळायला जाता यावे म्हणून. भगिनींनो, लाखभर शतके मोजणारे लोक आहेत, पण त्या काकूंचे घास कुणी मोजले? ज्याचे त्यानेच मोजले, आणि साऱ्या जगासमोर बोलून दाखविले.

आता मला जी गोष्ट मुख्यतः सांगायची आहे तिच्याकडे येते.

1988 सालचा फेब्रुवारी महिना. शाळांच्या हॅरिस ढालीचा उपांत्य सामना आझाद मैदानावर चालला होता. शारदाश्रमच्या समोर सेंट झेवियर्स ही शाळा. शारदाश्रमचे दोन गडी 84 धावांवर बाद झाले आणि चौदा वर्षांचा सचिन व सोळा वर्षांचा विनोद एकत्र आले. त्यानंतर तिसरा गडी पडलाच नाही. विनोदच्या नाबाद 349, सचिनच्या नाबाद 326, दोघांची भागी 664 धावांची! सर त्या दिवशी मैदानावर नव्हते. डाव संपवा, असा त्यांचा निरोप होता, पण सीमेबाहेरून खुणा करणाऱ्याकडे ही दोन पोरे पाहतच नव्हती! शेवटी फोनवर सरांनी खडसावले, तेव्हा 748 धावांवर डाव थांबला. विनोदला 350 ला एकच धाव हवी होती, तीही सरांनी घेऊ दिली नाही. ही भागी सगळ्यांना पाठ आहे. 2006 साली हैदराबादच्या दोन शाळकरी मुलांनी 721 धावांची भागी करून तो विक्रम मोडला, तरी लोक नाव याच जोडीचे घेतात.

पण त्या सामन्यात आणखी एक मुलगा होता. वय तेरा. पुढचा फलंदाज तो. दुसरा गडी बाद झाला तेव्हा त्याने पायाला पॅड बांधले आणि तो बसला. तो दिवस गेला. दुसऱ्या दिवशी पुन्हा पॅड बांधून बसला. 664 धावा झाल्या आणि त्याला मैदानात पाऊल ठेवायला मिळाले नाही. त्या मुलाचे नाव अमोल मुजुमदार.

त्या दिवशी तो घरी गेला असेल तेव्हा त्याच्या आईने काय विचारले असेल, हे माझ्या मनात येते. आपण विचारतो तेच. "आज किती केल्यास?"

पुढे हा मुलगा मुंबईकडून खेळू लागला. रणजीच्या पहिल्याच सामन्यात त्याने 260 धावा केल्या. त्याच्याच नेतृत्वाखाली 2006-07 साली मुंबईने रणजी करंडक जिंकला. मोठ्या सामन्यांतून त्यांच्या अकरा हजारांवर धावा झाल्या. आणि एवढे असून भारताच्या संघात त्यांना एकदाही खेळायला मिळाले नाही. बरोबरचे, मागचे, पुढचे सगळे जाऊन आले. हे आपले पॅड बांधून बसलेलेच! एखादा असता तर कडवट झाला असता, मैदानाकडे पाठ फिरविली असती. त्यांनी खेळणे संपल्यावर शिकवायला घेतले, आणि ऑक्टोबर 2023 मध्ये ते भारताच्या मुलींच्या संघाचे शिक्षक झाले.

आता माझ्या घरची गोष्ट सांगते. आमची धाकटी शाळेच्या खो-खोच्या संघात आहे. आहे म्हणजे नावापुरती. नऊजणी मैदानात उतरतात आणि ही राखीव म्हणून कडेला बसते. रोज संध्याकाळी दीड तास सराव, गुडघे फुटलेले, गणवेश मातीने भरलेला, आणि सामन्याच्या दिवशी बाई बाकावर! तीनदा असे झाले. चौथ्यांदा घरी आली तेव्हा मी कपडे भिजवीत होते. मी म्हटले, "नुसते बसायलाच जातेस, तर घरी बस. निदान माझ्या हाताखाली पोळ्या तरी लाटशील." ती काही बोलली नाही. आतल्या खोलीत गेली आणि बूट कपाटावर टाकून दिले.

मैत्रिणींनो, ते बूट पडल्याचा आवाज मला ओळखीचा वाटला. आमच्या कोकणातल्या गावी शाळा सातवीपर्यंतच होती. मीही खो-खो खेळत असे आणि मीही कडेलाच बसे. पुढच्या वर्षी तुला घेतोच, असे आमचे गुरुजी म्हणाले होते. पुढचे वर्ष आलेच नाही. हायस्कूल दोन गावे सोडून होते, आणि मुलीच्या जातीने एवढे लांब कशाला जायचे म्हणून वडिलांनी शाळा थांबविली. त्यांचा मी राग धरला नाही, चार तोंडे खाणारी होती. पण माझी खेळण्याची वेळ आली असती की नाही, हे मला कधी कळलेच नाही. हरले असते तर निदान हरल्याचे कळले असते. आणि तीच मी माझ्या मुलीला घरी बस म्हणाले!

2 नोव्हेंबर 2025 ची रात्र तुम्हांला आठवत असेल. नवी मुंबईत विश्वचषकाचा अंतिम सामना होता. आपल्या मुलींनी 298 धावा केल्या आणि दक्षिण आफ्रिकेला 52 धावांनी हरविले. त्याआधी तीनच दिवस आपल्या वांद्र्याच्या जेमिमा रॉड्रिग्जने ऑस्ट्रेलियाविरुद्ध नाबाद 127 धावा केल्या होत्या. तिला लहानपणापासून शिकविले तिच्या वडिलांनी. अंतिम सामना संपल्यावर कर्णधार हरमनप्रीत कौर आपल्या शिक्षकांकडे गेली आणि वाकून त्यांच्या पाया पडली. ते शिक्षक म्हणजे अमोल मुजुमदार. सदतीस वर्षांपूर्वी आझाद मैदानावर बसून राहिलेला तोच मुलगा.

आमच्या चाळीत मध्यरात्री फटाके वाजले. आमच्या ह्यांनी मुजुमदारांची ती जुनी हकिकत धाकटीला सांगितली. तिने माझ्याकडे पाहिले. मी खाली पाहिले. सकाळी कपाटावरचे बूट मीच काढले, धुतले आणि गॅलरीत वाळत ठेवले. तिने ते घातले. आम्ही दोघी त्यावर काही बोललो नाही. अजूनही ती राखीवच आहे, हे प्रामाणिकपणे सांगते. सामन्यात ती उतरेल की नाही, मला माहीत नाही. पण आता ती घरी आली की "आज खेळलीस का?" असे मी विचारीत नाही. "आज काय शिकलीस?" असे विचारते, आणि ती जेवता जेवता पुष्कळ सांगते.

बसून राहणाऱ्या प्रत्येक मुलाचा मुजुमदार होतो, असे मी म्हणत नाही. तसे म्हटले तर ते खोटे होईल. एखादा डोंगराएवढ्या धावा करूनही पुढे मागे पडतो. 2016 साली कल्याणच्या प्रणव धनावडेने शाळेच्या एका सामन्यात नाबाद 1009 धावा केल्या, सारे जग त्याच्या दारी आले. पुढे खेळ उतरला तेव्हा त्याच्या वडिलांनी, रिक्षा चालविणाऱ्या त्या माणसाने, मुलाला मिळणारी शिष्यवृत्ती आपण होऊन थांबवायला सांगितली. मला त्या हजार धावांइतकीच ही गोष्टही मोठी वाटते. यश येते, जाते. मैदानावर रोज वेळेवर जाणे, दमल्यावरही उभे राहणे, दुसऱ्याची धाव झाली तर टाळी वाजविणे, हे मात्र अंगात मुरते. ते मुलांच्या अंगात मुरते तसे मुलींच्याही मुरावे.

म्हणून मंडळापुढे माझ्या तीन सूचना आहेत. एक, यंदाचे बक्षीस जिंकलेलीला अवश्य द्यावे, पण तेवढेच दुसरे बक्षीस वर्षभर एकही दिवस न चुकता सरावाला आलेल्या मुलीला द्यावे, मग ती राखीव का असेना. दोन, त्यांना शिकविणाऱ्या शाळेच्या बाईंना त्याच दिवशी बोलावून त्यांची खणानारळाने ओटी भरावी. आणि तीन, संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आपण दरसाल प्लॅस्टिकचे डबे लुटतो, ते आपल्या सगळ्यांच्या माळ्यावर पडून आहेत. एक वर्ष वाण थोडे कमी करू आणि त्या पैशांतून ज्यांना गरज आहे अशा चार मुलींना चांगले बूट घेऊ. अंधार पडल्यावर मुलींना मैदानावरून आणण्याचे काम आपण वाटून घेतले, तर कितीतरी घरांतली हरकत आपोआप जाईल. सोमवार आणि गुरुवार मी घेते.

वहिनी, तुमचा शब्द खोडून काढला म्हणून रागावू नका. तुमची नात पुढच्या वर्षी पाचवीत जाईल. तिलाही मीच आणीन.

एवढे बोलून तुमची रजा घेते. चहा तयार आहे, आणि दूध आज पुरेसे आहे.