स्वागताध्यक्षीय भाषण : भूगर्भातील जोखीम, आपली जबाबदारी



स्वागत समितीच्या वतीने या परिषदेसाठी देशभरातून रत्नागिरीत आलेल्या आपणा सर्वांचे मनःपूर्वक स्वागत! मुंबईकडून रेल्वेने आलेले पाहुणे करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा ओलांडूनच इथे पोहोचले आहेत. मात्र कोकण रेल्वे बांधताना अभियंत्यांची खरी कसोटी लागली ती मऊ मातीतल्या बोगद्यांत. पेडण्याचा बोगदा त्यांतलाच. रेल्वे १९९८ मध्ये सुरू झाली; जुलै २०२४ च्या पावसात त्याच बोगद्यात पाणी आले आणि गाड्या थांबवाव्या लागल्या. बोगदा वापरात आला म्हणून जोखीम संपत नाही.

बोगदा काही किलोमीटरचा असतो आणि त्यावर घेतलेली बोअर मोजकी. दोन बोअरांच्या मधे काय आहे, हे अनुमान असते. कातळात अचानक लाल मातीचा थर लागतो, जांभ्याखाली शेडीची मऊ माती लागते, भेगेतून पाणी फुटते. अशी अनिश्चितता असणे हा अभियंत्याचा दोष नाही. ती लपवणे हा दोष आहे.

ही अनिश्चितता हाताळण्यासाठी भूतंत्र अभियंते राल्फ पेक यांनी १९६९ च्या रँकिन व्याख्यानात निरीक्षण पद्धतीची मांडणी केली. संभाव्य परिस्थिती धरून आराखडा करा, वाईटात वाईट शक्यतेवरचा उपाय आधीच ठरवा आणि काम चालू असताना मोजमापे घेऊन निर्णय बदला. पण मोजमाप खरे नोंदवले जाईल, तरच ही पद्धत चालते. जमीन वेगळी निघाल्यास खर्च कोणी सोसायचा, हे करारात स्पष्ट नसेल, तर वाईट बातमी खालीच अडते.

नोव्हेंबर २०२३ मध्ये उत्तराखंडातील सिल्क्यारा बोगद्यात ४१ कामगार १७ दिवस अडकले. ऑगर यंत्र तुटल्यावर शेवटचे काही मीटर बचावपथकातील कामगारांनी हातांनी खोदले आणि सगळे सुखरूप बाहेर आले. त्या शौर्याला आपण वंदन करतो. पण असे शौर्य पुन्हा दाखवावे लागू नये, हे आपले काम आहे.

म्हणून माझी या परिषदेला कळकळीची विनंती आहे. जोखमीची नोंदवही निविदेपासून देखभालीपर्यंत खुली राहावी, आणि बोगद्याच्या फेसवर उभ्या असलेल्या कामगाराला धोका दिसताच काम थांबवण्याचा अधिकार असावा. त्या थांबण्याचा दंड त्याला किंवा कंत्राटदाराला बसू नये. येथील चर्चेतून असा ठराव निघाला, तर आमचे यजमानपद सार्थकी लागेल.