नावडता बँड आणि बदललेली कसोटी

एखादा बँड नावडणे ही वरवर पाहता कानाची तक्रार असते. आवाज कर्कश लागतो, चाल गुळमट वाटते, गायकाचा आव खोटा वाटतो. पण पाश्चात्त्य लोकप्रिय संगीतात ज्या बँडांविषयीचे मत पुढे पार उलटले, त्यांच्या हकिकती तपासल्या तर कानाचा दोष फारसा सापडत नाही. तो बँड कोणाच्या शेजारी ठेवून ऐकला गेला, त्याच्याकडून काय अपेक्षिले गेले आणि त्याचे चाहते कोण होते, यांवर नावड ठरलेली दिसते. ही कसोटी बदलली की तेच ध्वनिमुद्रण, एक सूरही इकडचा तिकडे न होता, वेगळे ऐकू येते.

ब्लॅक सॅबथचे उदाहरण यात सर्वांत स्वच्छ आहे, कारण तिथे एकाच समीक्षकाचे मत दोन वर्षांत बदललेले छापील स्वरूपात उपलब्ध आहे. बर्मिंगहॅमच्या ॲस्टन या कामगारवस्तीतल्या चार तरुणांचा हा बँड. त्यांचा पहिला अल्बम जवळजवळ सगळा एका दिवसात ध्वनिमुद्रित झाला आणि 13 फेब्रुवारी 1970 रोजी निघाला. ‘रोलिंग स्टोन’ या अमेरिकी नियतकालिकात लेस्टर बँग्ज याने त्याची सालटी काढली. त्याच्या मते ही ‘क्रीम’ या बँडची निकृष्ट नक्कल होती. क्रीमचे तिघेही वादक निष्णात. त्यांच्या गतीच्या आणि सफाईच्या मापाने मोजले तर सॅबथ संथ, बोजड आणि एकसुरी ठरणारच.

हा बोजडपणा आला कुठून, हे पाहण्यासारखे आहे. गिटारवादक टोनी आयोमी डावखुरा. म्हणजे तारा दाबण्याचे काम उजव्या हाताचे. सतराव्या वर्षी पत्र्याच्या कारखान्यात यंत्राखाली सापडून त्याच हाताच्या दोन बोटांची टोके गेली. त्याने प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणे बनवली, त्यांवर चामडे चिकटवले आणि तारा बारीक वापरल्या. 1971 च्या ‘मास्टर ऑफ रिॲलिटी’ अल्बमपर्यंत तो बऱ्याच गाण्यांसाठी गिटार तीन अर्धस्वर खाली उतरवून लावू लागला होता. तारा सैल झाल्याने बोटांना आराम मिळाला आणि आवाजाला ती खोल, जड घरघर मिळाली. पुढे हेवी मेटल म्हणून जे ओळखले गेले त्याचा मोठा भाग या घरघरीतून निघाला. टीकाकारांना जो कच्चेपणा वाटला, ती खरे तर नव्या भाषेची सुरुवात होती. बँग्जला हे लवकर उमगले. 1972 मध्ये ‘क्रीम’ (Creem) अशाच उच्चाराच्या नावाच्या मासिकात त्याने सॅबथवर दीर्घ लेख लिहिला. त्यात त्याने त्यांच्या गाण्यांतली युद्धाची दहशत आणि नैतिक तळमळ गांभीर्याने घेतली. वादनकौशल्याची कसोटी सोडून, हे लोक सांगताहेत काय, ही कसोटी त्याने लावली. ‘रोलिंग स्टोन’ला अधिक वेळ लागला. 2017 मध्ये त्याने श्रेष्ठ मेटल अल्बमांची यादी काढली, तेव्हा पहिला क्रमांक सॅबथच्या ‘पॅरनॉइड’ला दिला.

स्वीडिश बँड ॲबाची गोष्ट याच्या उलट टोकाची. इथे आक्षेप कच्चेपणाचा नव्हता, अतिसफाईचा होता. आणि मत बदलले ते एका माणसाचे नव्हे, एका समाजाचे. 6 एप्रिल 1974 रोजी ब्रायटन येथे ‘वॉटरलू’ गाऊन या चौघांनी युरोव्हिजन गीतस्पर्धा जिंकली. जगाने डोक्यावर घेतले, पण घरच्यांनी नाक मुरडले. त्या काळी स्वीडनमध्ये डाव्या विचारांची जोरकस संगीत चळवळ होती. गाण्याने काही भूमिका घ्यावी आणि नफेखोर कंपन्यांपासून दूर राहावे, हा तिचा आग्रह. ॲबाच्या विजयामुळे 1975 ची स्पर्धा स्टॉकहोममध्ये भरली, तेव्हा चळवळीने शहरात निषेध म्हणून पर्यायी महोत्सव घेतला. पुढच्या वर्षी स्वीडनने स्पर्धेत भागच घेतला नाही. चमचमते पोशाखही टीकेला खाद्य पुरवत. रोजच्या वापराला निरुपयोगी असलेल्या रंगमंचीय कपड्यांवर स्वीडनमध्ये करसवलत मिळे, हे त्या झगमगाटामागचे एक रोकडे कारण होते. म्हणजे डाव्यांच्या डोळ्यांत सलणारे ते कपडे काही अंशी सरकारी नियमानेच शिवून घेतले होते!

या गदारोळात गाण्यांची बांधणी कोणी पाहिलीच नाही. ध्वनिमुद्रक मिकाएल ट्रेटोव एकाच वाद्याची आणि आवाजाची आवर्तने एकावर एक चढवी, आणि तसे करताना टेपचा वेग किंचित बदलत असे. त्यामुळे दोन आवर्तने हुबेहूब जुळत नसत आणि त्या बारीक फरकातून नादाला भरीवपणा येई. ‘एसओएस’ या 1975 च्या गाण्यात अंतरा मायनर स्वरात, गायिका अग्नेथाच्या एकट्या आवाजात, जवळजवळ उघड्या पियानोवर चालतो. ध्रुवपदाला मेजरमध्ये सगळा वाद्यमेळ उसळतो. ‘डान्सिंग क्वीन’ तर ध्रुवपदाच्या मधूनच सुरू होते. हे कसब वाजवणाऱ्यांच्या कानांनी मात्र टिपले होते. सेक्स पिस्टल्स या पंक बँडच्या ग्लेन मॅटलॉकने ‘प्रिटी व्हेकंट’ची सुरावट ‘एसओएस’वरून सुचल्याचे सांगितले आहे. एल्विस कॉस्टेलोच्या ‘ऑलिव्हर्स आर्मी’तला पियानो ‘डान्सिंग क्वीन’कडे पाहूनच वाजवला आहे. ज्या पंक पिढीने ॲबाची टिंगल करायची, तीच त्याच्याकडून उसनवारी करत होती. मुंबईतही ॲबा पोचला तो असाच मागल्या दाराने: 1977 च्या ‘हम किसीसे कम नहीं’ या हिंदी चित्रपटात राहुलदेव बर्मन यांनी आशा भोसले आणि किशोरकुमार यांच्याकडून गाऊन घेतलेल्या एका गाण्याची चाल ‘मम्मा मिया’वर बेतलेली आहे.

1982 नंतर बँड थांबला. पुढील दशकभर त्याची गाणी जिवंत राहिली ती मुख्यतः समलिंगी क्लबांत आणि नकलाकार बँडांच्या कार्यक्रमांत. मग 1992 साली सारे फळाला आले. इरेजर या ब्रिटिश जोडीने ॲबाच्या चार गाण्यांची तबकडी काढून ब्रिटनमध्ये पहिला क्रमांक मिळवला, यू-टू या बँडने स्टॉकहोममध्ये ॲबाच्या ब्यॉर्न आणि बेनी यांना मंचावर बोलावले, आणि ‘ॲबा गोल्ड’ हा संग्रह निघाला. त्याच्या प्रती सुमारे 3 कोटींच्या घरात खपल्या. तोवर 1975 चा वाद ज्यांना ठाऊकच नाही असे श्रोते वयात आले होते. त्यांच्या लेखी ॲबा कोणाच्याही विरोधात नव्हता.

ब्रिटिश बँड क्वीनबद्दलची नावड आडदांड दिखाऊपणाबद्दलची होती. पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत ‘द हेक्टिक्स’ या मुलांच्या बँडमध्ये पियानो वाजवणारा फारूक बलसारा पुढे फ्रेडी मर्क्युरी झाला. ऑपेरा आणि रॉक यांची त्याने घातलेली सांगड अनेक रॉक समीक्षकांना थेर वाटली. 13 जुलै 1985 च्या लाइव्ह एड या मदतनिधी कार्यक्रमातील क्वीनच्या सुमारे 20 मिनिटांनी पुष्कळांना गप्प केले. डिस्को या नृत्यसंगीताची गोष्ट अधिक कडवट आहे. 12 जुलै 1979 रोजी शिकागोच्या कोमिस्की पार्क मैदानावर दोन बेसबॉल सामन्यांच्या मध्यंतरात डिस्कोच्या तबकड्यांचा ढीग स्फोटाने उडवला गेला. प्रेक्षक मैदानात घुसल्याने दुसरा सामना होऊ शकला नाही. त्या रागामागे कृष्णवर्णीय, लॅटिनो आणि समलिंगी श्रोत्यांविषयीची चीड किती होती, याची चर्चा नंतर झाली, आणि बी जीजसारख्या बँडांना मान मिळाला तोही त्यानंतरच.

केवळ सवयीने मत बदलते, हा समज अपुरा आहे. मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट झायोंक यांनी 1968 मध्ये दाखवले की एखादी गोष्ट पुन्हा पुन्हा समोर आली की ती अधिक आवडू लागते. परंतु हे अनोळखी, उदासीन गोष्टींबाबत खरे; मुळात नकोशी असलेली गोष्ट वारंवार समोर आल्यास नावड घट्टही होते. लग्नाच्या वरातीत दरवर्षी तेच गाणे ऐकणाऱ्यांना हे वेगळे सांगायला नको. वयाचाही वाटा आहे. हॉलब्रुक आणि शिंडलर यांच्या 1989 च्या अभ्यासात श्रोत्यांना सर्वाधिक प्रिय ठरली ती त्यांच्या 23–24 व्या वर्षाच्या सुमारास लोकप्रिय असलेली गाणी. म्हणून चाळिशीत जुना नावडता बँड गोड वाटला, तर त्यात बँडपेक्षा स्वतःच्या तारुण्याची ओढ अधिक असू शकते. असा बदल खरा मानण्याची घाई करू नये. थट्टेखातर मिरवलेली आवडही याच जातीची.

खरा बदल ओळखता येतो तो श्रोत्याला कारण देता येते यावरून. कॅनेडियन समीक्षक कार्ल विल्सन याने हा प्रयोग जाणूनबुजून केला, बँडवर नव्हे तर एका गायिकेवर. सेलीन दिओंचे गाणे त्याला असह्य होई. 2007 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुस्तकासाठी त्याने तिचा 1997 चा ‘लेट्स टॉक अबाउट लव्ह’ हा अल्बम नेटाने ऐकला, क्वेबेकची सामाजिक पार्श्वभूमी अभ्यासली, आणि अभिरुची ही वर्गीय प्रतिष्ठेची निशाणी असते हे पिअर बोर्द्यू यांचे विवेचन स्वतःला लावून पाहिले. पुस्तक संपले तरी विल्सन दिओंचा चाहता झाला नाही. तिच्या चाहत्यांना तुच्छ लेखणे मात्र त्याने सोडले.