‘नाही’ म्हणणाऱ्याशी मैत्री
(अहमदनगर येथे वसंत व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



बाहेरच्या फळ्यावर आजचा विषय वाचून तुमच्यापैकी काहींना वाटलं असेल, आता हा ख्रिस्ती वक्ता आपल्याला बाटवणार. आणि आमच्या चर्चमधून जी मंडळी आली आहेत, त्यांना वाटलं असेल, हा आता माणसं जोडण्याच्या चार युक्त्या सांगणार. दोघांचीही निराशा होणार आहे. माझं म्हणणं थोडक्यात असं, की आपली श्रद्धा मित्राला जरूर सांगावी; पण ज्या मैत्रीत समोरच्याला ‘नाही’ म्हणायची मोकळीक नसते, त्या मैत्रीतून श्रद्धा पोचत नाही, नुसता दबाव पोचतो.

हे नगरात बोलायला कारण आहे. अमेरिकन मराठी मिशन १८३१ साली इथे आलं आणि पुढे याच गावात कवी रेव्हरंड नारायण वामन टिळक आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी संसार केला. माझा सगळा मुद्दा त्या एका घरात सापडतो.

टिळकांची गोष्ट आगगाडीत सुरू होते. १८९३ साली ते नागपूरहून राजनांदगावला निघाले होते. डब्यात एक युरोपियन गृहस्थ होता. त्या काळी गोरा माणूस डब्यात असला, की देशी उतारूला ‘चल, उतर’ ऐकायची तयारी ठेवावी लागे. या गृहस्थानं टिळकांना हसून जागा करून दिली आणि बोलणं काढलं ते संस्कृत काव्याचं. गप्पा रंगल्या. धर्माचा विषय नंतर निघाला. उतरताना त्यानं टिळकांच्या हातात नवा करार ठेवला आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असं भाकीतही केलं. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत टिळकांचा बाप्तिस्मा झाला.

आमच्या प्रवचनांतून ते भाकीत फार रंगवून सांगतात. मला त्याआधीचा भाग मोलाचा वाटतो. त्या माणसानं पुस्तक पुढे करण्याआधी टिळकांना ज्यात गोडी होती तो विषय काढला आणि त्यांचं ऐकून घेतलं. एका कवीला कवी म्हणून वागवलं. पुस्तक पुढे टिळकांनी आपलं आपण वाचलं. डोंगरावरील प्रवचनाशी आल्यावर ते तिथेच गुंतले. तो गृहस्थ कोण होता, हे मात्र त्यांना कधीच कळलं नाही.

इथवर गोष्ट गोड आहे. पण तिला दुसरी बाजू आहे आणि ती लपवून चालणार नाही. टिळक ख्रिस्ती झाले आणि लक्ष्मीबाईंवर आभाळ कोसळलं. सोवळ्याओवळ्यात वाढलेली बाई, पदरात लहान मूल, नवरा जिवंत असून घर मोडलं. पंढरपुरात, नातलगांच्या आधारानं त्यांनी दिवस काढले. चार-पाच वर्षांची ती ताटातूट ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात त्यांनी ज्या सरळपणे लिहिली आहे, ती वाचून कुठल्याही मिशनऱ्याचा विजयोन्माद उतरावा. श्रद्धेनं एक माणूस मिळवला आणि त्याच वेळी सगळ्यात जवळचं नातं तोडलं, ही या घटनेची नोंद आम्ही ख्रिस्ती लोकांनी पुरी वाचली पाहिजे.

लक्ष्मीबाई पुढे टिळकांकडे राहायला आल्या, त्या आपलं सोवळं सांभाळूनच. स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळं. कल्पना करा: नवरा ख्रिस्ती उपदेशक, गावभर भाषणं देणारा, आणि त्याच्याच घरात त्याच्या हातचं पाणी चालत नाही! बाहेर लोक काय म्हणत असतील? टिळक स्वभावानं तापट होते, हेही लक्ष्मीबाईंनीच सांगून ठेवलंय. पण बायकोनं बाप्तिस्मा घ्यावा म्हणून त्यांनी जुलूम केला नाही. लक्ष्मीबाईंचं मन बदललं ते त्यांच्या स्वतःच्या विचारानं. देवानं माणसं निर्माण केली, जाती माणसांनी केल्या, असं त्यांचं त्यांनाच पटलं. मग कुणाच्याही हातचं खायला-प्यायला त्यांनी सुरुवात केली. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

‘बघा, धीर धरला आणि शेवटी त्या आल्याच की!’ असं कुणी म्हणेल. पण शेवटी यावंच म्हणून धरलेला धीर हीसुद्धा एक युक्तीच झाली. तेव्हा न आलेल्या माणसाचं उदाहरण पाहू.

त्र्यंबक बापूजी ठोमरे, म्हणजे आपले बालकवी, याच नगरात टिळकांच्या घरी राहिले. टिळकांनी त्यांच्या कवितेवर माया केली, लक्ष्मीबाईंनी पोटच्या पोरासारखं सांभाळलं. रुसवेफुगवे, रागावणं, समजूत काढणं, सगळं त्या घरात झालं. रोज उपासना चालणाऱ्या घरात वावरूनही बालकवी ख्रिस्ती झाले नाहीत. त्यामुळे त्यांच्या ताटातली भाकरी कमी झाली नाही आणि लक्ष्मीबाईंच्या लेखणीतली मायाही आटली नाही. १९१८ साली ते रेल्वे अपघातात गेले. ‘स्मृतिचित्रे’ वाचताना हा मुलगा आपल्या धर्मात आला नाही, अशी खंत शोधून पाहा. तिथे भेटतो तो लाडका, हट्टी ठोमरे. माझ्या मते त्या घरानं दिलेली सर्वांत खरी साक्ष हीच.

आता पैशाचा प्रश्न. छप्पनच्या, म्हणजे विक्रम संवत १९५६च्या दुष्काळात या जिल्ह्यातली माणसं अन्नासाठी वणवण करत होती आणि मिशननं पुष्कळांना जगवलं. ते काम मोठंच होतं. पण खायला घालणारा हातच उपदेश करू लागला, की ऐकणारा ‘नाही’ कसा म्हणणार? टिळकांना हे पुढे फार सलत होतं. १९१७ साली त्यांनी मिशनची नोकरी सोडली, पगार सोडला आणि ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा मेळा सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही त्यात जागा होती. दोन वर्षांत, ९ मे १९१९ रोजी ते वारले, त्यामुळे दरबार फारसा वाढला नाही. पण मैत्री बरोबरीत होते, उपकारात होत नाही, हे त्यांनी स्वतःच्या पोटाला चिमटा घेऊन दाखवलं.

शुभवर्तमानातही हेच आहे. योहानाच्या चौथ्या अध्यायात येशू भर दुपारी थकून विहिरीवर बसतो आणि शोमरोनी बाईकडे पाणी मागतो. यहुदी लोक शोमरोन्यांच्या भांड्याला शिवत नसत. बाई चकित होते. संभाषणाची सुरुवात मागण्यापासून होते, देण्यापासून नाही. ज्याला शेजाऱ्याकडून काहीच नको असतं, त्यानं शेजाऱ्याला काही सांगू नये, असं मला त्यावरून वाटतं. टिळक तरी ख्रिस्ताकडे कसे आले? तुकोबांच्या पुलावरून, असं ते स्वतः सांगत. मग वारकरी मित्राला येशू सांगायचा असेल, तर आधी त्याची वारी मनापासून ऐकायला नको का?

कायद्याचंही एक बोलतो. घटनेच्या पंचविसाव्या कलमानं धर्माचा प्रसार करण्याचा हक्क दिला आहे. १९७७ साली स्टॅनिस्लॉस खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क त्यात येत नाही. त्या निकालावर वाद आहेत, आमच्यात नाराजीही आहे. पण श्रद्धावंताला त्यात अडचण वाटायचं कारण नाही. सांगणं आपल्याकडे, पालट देवाकडे आणि त्या माणसाच्या मनाकडे, ही वाटणी आमच्या धर्मशास्त्रानंही केलेली आहे. भेटी दिलेल्या घरांची खतावणी ठेवणारा प्रचारक ती विसरतो.

शेवटी, ख्रिस्ती नसलेल्या श्रोत्यांना एक कसोटी देतो. तुमचा ख्रिस्ती मित्र नाताळात फराळाला बोलावेल, आणि कधीतरी येशूविषयीही बोलेल. पटलं नाही, तर भिडेखातर मान डोलावू नका, सरळ ‘नाही’ म्हणा. मग पुढे कधी तुमची आई दवाखान्यात असेल, तेव्हा तो डबा घेऊन येतो का, ते बघा. आला नाही, तर विषय मिटला. आला, तर त्याचं म्हणणं आणखी एकदा ऐकून घ्या. आणि पुन्हा ‘नाही’ म्हणावंसं वाटलं, तर पुन्हा म्हणा.