माऊस घेण्याआधी हात मोजा

लोकलमध्ये दाराशी उभे असाल, बसमध्ये खिडकीपाशी बसला असाल किंवा घरी भांडी घासता घासता ऐकत असाल. कुठेही असा, आजच्या भागात मला तुमचा एक हात लागणार आहे. रिकामा हात. तो हात आत्ता मोकळा नसेल तर जेव्हा सांगेन तेव्हा नुसतं लक्षात ठेवा आणि घरी जाऊन करून बघा.

तर विषय आहे माऊस. हो, तोच, कॉम्प्युटरचा. तुमच्या मेसेजेसमध्ये एक प्रश्न सतत येतो. "ताई, पाचशे रुपयांत चांगला माऊस सांग ना." "ताई, माऊस घेऊ की लॅपटॉपच्या ट्रॅकपॅडवरच भागवू?" आणि हल्ली तिसरा प्रश्न, जरा हळू आवाजात विचारलेला: "ताई, संध्याकाळपर्यंत मनगट दुखतं. माऊस बदलला तर थांबेल का?"

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधीच देऊन टाकते. मी आज "हाच घ्या" असं एकाही माऊसबद्दल सांगणार नाहीये. कारण हे चपलेसारखं आहे. माझ्या पायाला मऊ लागणारी चप्पल तुमच्या पायाला चावू शकते. पण चप्पल घेताना आपण निदान घालून चार पावलं चालून बघतो. माऊस मात्र फोटो बघून, किंमत बघून, त्यात लाल-निळे दिवे लागतात का ते बघून घेतो. आणि मग दिवसाचे आठ तास त्याच्यावर हात ठेवतो. डेटा एन्ट्री असो, एडिटिंग असो, अकाउंट्स असो, कोडिंग असो, आपल्यापैकी कितीतरी जणांचं पोट या हातावर आहे. तो दुखायला लागला की सुट्टी घेऊन भागत नाही, हप्ते थांबत नाहीत. म्हणून आज आधी हात, मग माऊस.

थोडासा इतिहास, कारण त्यात एक मजा आहे. पहिला माऊस १९६४ साली अमेरिकेत बनला. स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये डग्लस एंगलबार्ट यांची ती कल्पना, आणि बिल इंग्लिश यांनी तो प्रत्यक्षात बनवला. लाकडी ठोकळा, खाली दोन चाकं, वर एक बटण, बस्स. त्यानंतर माऊस बदलत गेला, पण प्रत्येक बदल हातासाठी झाला असं नाही. १९९८ साली ॲपलने आयमॅकबरोबर एक माऊस दिला, अगदी गोल, चकतीसारखा. दिसायला सुंदर! पण गोल असल्यामुळे न बघता हात ठेवला की त्याचं तोंड कुठे आहे तेच कळायचं नाही. तो थोडा फिरलेला असला की कर्सर भलतीकडे पळायचा. शिवाय आकाराने लहान, म्हणजे तळहाताला टेकायला जागाच नाही. लोकांनी इतकी कुरकुर केली की २००० साली तो बदलावा लागला. एवढी मोठी कंपनी, एवढे डिझायनर, आणि हातानं नापास केलं. दुकानातला चकचकीत माऊस उचलताना ही गोष्ट आठवा.

आता तो रिकामा हात पुढे करा. कोपर अंगाजवळ ठेवा, आणि कुणाशी हस्तांदोलन करताना धरतो तसा हात धरा. अंगठा वर. बरं वाटतंय ना? आता तळहात हळूहळू जमिनीकडे वळवा, पूर्ण सपाट. कोपराखाली थोडा पीळ पडल्यासारखं जाणवेल. आपल्या कोपरापासून मनगटापर्यंत दोन हाडं असतात. हस्तांदोलनात ती शेजारी शेजारी असतात. तळहात खाली वळवला की एक हाड दुसऱ्यावरून आडवं जातं. साध्या माऊसवर आपण दिवसभर हात असाच ठेवतो. पाच मिनिटं काही होत नाही, आठ तास ठेवला तर काहींना त्रास होतो.

यावर उपाय म्हणून उभा माऊस निघाला, ज्याला व्हर्टिकल माऊस म्हणतात. तो हाताला हस्तांदोलनाच्या जवळ नेतो. उदाहरणार्थ, लॉजिटेकच्या एमएक्स व्हर्टिकलचा कोन ५७ अंशांचा आहे. म्हणजे पूर्ण उभा नाही, तिरका. ज्यांना हा पीळ जाणवतो, त्यांनी एकदा वापरून बघावा. पण दोन गोष्टी ध्यानात ठेवा. सवय व्हायला वेळ लागतो, पहिले काही दिवस कर्सर नेमक्या जागी जात नाही आणि चिडचिड होते. आणि फोटोशॉपमध्ये बारीक कडा कापायचं काम असेल, तर काहींना तो कधीच जमत नाही. ते तुमचं अपयश नाही, तुमच्या कामाला तो माऊस बसत नाही इतकंच.

पुढची गोष्ट, हाताचं माप. पट्टी शोधू नका. पाकिटातलं एटीएम कार्ड काढा. कार्डाची लांबी साडेआठ सेंटीमीटरला थोडी जास्त असते, आणि कुठल्याही बँकेचं असलं तरी तेवढीच. मनगटावर जिथे घडी पडते तिथपासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत कार्ड आडवं लावत मोजा. दोन कार्डांत हात संपला, तर तुमचा हात माऊसच्या हिशेबात लहान. दोन कार्डं आणि वर एक बोटभर जागा उरली, तर मध्यम. त्याहून जास्त तर मोठा. लहान हाताच्या माणसाने भलामोठा माऊस घेतला की बटणापर्यंत बोटं ताणावी लागतात. मोठ्या हाताने इवलासा 'ट्रॅव्हल' माऊस धरला की बोटं दिवसभर आखडलेली. प्रवासात ठीक आहे, रोजच्या कामाला नाही.

मग बघा तुम्ही धरता कसा. काही जण अख्खा तळहात माऊसवर टेकवतात. त्यांना पाठ उंच असलेला, भरीव माऊस लागतो. काही जण तळहाताची मागची बाजू टेकवून बोटं आकडीसारखी वाकवतात. आणि काही जण फक्त बोटांच्या टोकांनी धरतात, त्यांना छोटा, हलका माऊस बरा पडतो. यात चूक-बरोबर काही नाही. आत्ता जो माऊस आहे त्यावर हात ठेवा आणि बघा, तुमचा हात आपोआप काय करतो ते. तेच खरं.

वजनाचं पण बघा. बिनतारी माऊसमध्ये सेल घातला की वीसेक ग्रॅम तिथेच वाढतात. दिवसभर उचलून-ठेवून काम करणाऱ्याला ते कळतं. जागेवरून न हलवता फक्त क्लिक करणाऱ्याला फरक पडत नाही. आणि क्लिक किती कडक आहे ते आवर्जून बघा. एका दिवसात आपण किती वेळा क्लिक करतो याचा विचार करा, मग कडक बटण म्हणजे काय ते लक्षात येईल.

आता त्या डब्यावर मोठ्या अक्षरात लिहिलेल्या डीपीआयबद्दल. १६,००० डीपीआय, २५,००० डीपीआय! घाबरू नका आणि भुलूही नका. डीपीआय म्हणजे माऊस एक इंच सरकला की तो कॉम्प्युटरला किती पावलं मोजून देतो. तुमचा स्क्रीन १९२० पिक्सेल रुंद आहे असं धरा. ८०० डीपीआयवर या टोकापासून त्या टोकाला जायला साधारण सहा सेंटीमीटर हात हलवावा लागतो. १६०० केलं की तीन सेंटीमीटर. म्हणजे ऑफिसच्या कामाला एवढ्यातच भागतं, वरचे आकडे जाहिरातीसाठी. वेग फार कमी ठेवला तर मनगट सारखं डावी-उजवीकडे मुरडतं. फार जास्त ठेवला तर छोट्या बटणावर कर्सर थांबवायला बोटं ताठ होतात. विंडोजमध्ये सेटिंग्जमध्ये जाऊन माऊसचा वेग बदलता येतो. फुकट आहे. नवीन माऊस घेण्याआधी हे करून बघा.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं, जे डब्यावर कधीच लिहिलेलं नसतं: माऊस ठेवलाय कुठे? मोठ्या कीबोर्डला उजवीकडे आकड्यांचा वेगळा भाग असतो ना, तो चांगली चार बोटं जागा खातो. त्यामुळे माऊस त्याच्याही पलीकडे जातो, आणि हात दिवसभर बाहेर ताणलेला. मग दुखतो खांदा, आणि आपण बोल लावतो माऊसला. ज्यांना आकडे टाकायचेच नसतात त्यांनी तो भाग नसलेला छोटा कीबोर्ड घ्यावा. आणि जे दिवसभर टॅलीत, एक्सेलमध्ये आकडे टाकतात, त्यांनी एक प्रयोग करावा. माऊस डाव्या हाताला घ्या. उजवा हात आकड्यांवर, डावा माऊसवर. सुरुवातीला लंगडल्यासारखं वाटेल, पण उजव्या हाताचं निम्मं ओझं उतरतं. फक्त त्यासाठी माऊस दोन्ही बाजूंनी सारखा हवा. उजव्या हाताच्या आकारात कोरलेला चालणार नाही. आमच्या डावखुऱ्या मंडळींना हे वेगळं सांगायला नको!

इथे एक अभ्यास सांगते. २०१८ साली कोक्रेनने ऑफिसात बसून काम करणाऱ्यांवरच्या प्रयोगांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध केला. हाताला आधार आणि वेगळ्या धाटणीचा माऊस, दोन्ही एकत्र दिलं तेव्हा मान आणि खांद्याच्या तक्रारी कमी झाल्याचं त्यात दिसलं. उजव्या हाताच्या तक्रारींत मात्र तसा फायदा दिसला नाही. यातून मी काय घेते? नुसता महागडा माऊस आणून ठेवला आणि हात हवेत लटकत राहिला, तर फार अपेक्षा ठेवू नका. कोपर अंगाजवळ, हाताला टेबलाचा किंवा खुर्चीच्या हाताचा आधार, आणि टेबलाची उंची कोपराएवढी. टेबल उंच असेल तर खुर्चीवर उशी टाका, पाय लटकले तर खाली पाट घ्या. घरातच मिळेल सगळं.

ट्रॅकपॅडवाल्यांनो, तुम्हाला विसरले नाही. ट्रॅकपॅडचा मोठा गुण म्हणजे तो समोर मधोमध असतो, हात बाहेर ताणावा लागत नाही. वाचणं, स्क्रोल करणं, मेल बघणं यासाठी उत्तम. पण दाबून धरून ओढायचं काम, म्हणजे व्हिडिओच्या क्लिप सरकवणं, डिझाइनमध्ये वस्तू हलवणं, यात एक बोट दाबून धरायचं आणि दुसरं ओढायचं. तिथे अंगठा दमतो. तसं काम रोज दोन-तीन तास असेल तर माऊस घ्याच. बाकीच्यांनी सेटिंग्जमध्ये जाऊन 'टॅप टू क्लिक' सुरू करा. दाबायच्या ऐवजी नुसतं टेकवलं की क्लिक होतं. लॅपटॉपची पुढची कड धारदार असेल तर मनगट तिथे टेकवू नका. आणि लॅपटॉप मांडीवर, पाठ उशीला, मान खाली, हा जो पलंगावरचा थाट आहे ना, तो सिनेमा बघायला ठेवा. शिफ्ट करायला नको.

तिसरा पर्यायही आहे, ट्रॅकबॉल. माऊस जागेवर, वरचा चेंडू फक्त फिरवायचा. टेबलावर जागा कमी असेल, हात हलवला की खांदा दुखत असेल, तर विचार करा. पण अंगठ्याने फिरवायचा चेंडू असेल आणि आधीच फोनवर टाइप करून अंगठा दुखत असेल, तर बोटांनी फिरवायचा चेंडू असलेला प्रकार बघा. आपण फोनवाली माणसं, आपल्या अंगठ्याला घरी गेल्यावरही सुट्टी नसते.

आता खरेदी. मुंबईत लॅमिंग्टन रोडला जा किंवा तुमच्या गावातल्या कॉम्प्युटरच्या दुकानात. डबा उघडून माऊस हातात द्यायला सांगा. डोळे मिटा, हात ठेवा. बोटं आपोआप बटणांवर येतात का? करंगळी टेबलावर घासते का? दोन-तीन मिनिटं तसाच धरून ठेवा. ऑनलाइन घेत असाल तर परत करण्याची मुदत आधी वाचा, आणि ती संपायच्या आत पूर्ण दिवस काम करून बघा. त्याहून सोपं, मैत्रिणीचा किंवा ऑफिसातल्या कुणाचा उभा माऊस दोन दिवस मागून आणा.

शेवटी एक गंभीर गोष्ट. मी डॉक्टर नाही. पण एवढं माहीत असू द्या: मनगटात एक अरुंद बोगदा आहे, त्यातून बोटं वाकवणारे नऊ टेंडन आणि एक नस जाते. त्या नसेवर दाब आला की अंगठा, पहिली दोन बोटं आणि अनामिकेचा अर्धा भाग यांत मुंग्या येतात. रात्री मुंग्यांनी जाग येत असेल, हातातून कप निसटत असेल, बोटं बधीर राहत असतील, तर माऊस शोधत बसू नका. डॉक्टरकडे जा. अशा वेळी उशीर महाग पडतो.

आणि ज्यांना अजून काहीच होत नाहीये, त्यांच्यासाठी आजचा गृहपाठ. उद्या कामाला बसलात की पैसे न खर्चता तीन गोष्टी करा: माऊस कीबोर्डच्या अगदी जवळ ओढा, वेग ठीक करा, कोपराला आधार द्या. चार दिवस बघा. तरी हात कुरकुरला, तर एटीएम कार्ड आहेच. आधी हात मोजायला, मग पैसे द्यायला!

तुमच्या हाताचं माप किती कार्डं आलं ते मेसेज करून कळवा. आणि टाइप करायचा कंटाळा आला असेल तर व्हॉइस मेसेज पाठवा, अंगठ्याला तेवढाच आराम. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!