केडगावचं घर आणि आपली वही



बारामती-इंदापूरहून पुण्याकडे जाताना दौंड तालुक्यात केडगाव लागतं. तिथलं पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन किती जणींनी पाहिलंय? रमाबाईंच्या वस्तू तिथे जपून ठेवल्या आहेत. त्या पाहताना मला त्यांच्यासोबतच्या बायका आठवत राहिल्या.

१८९६-९७च्या दुष्काळात रमाबाईंनी मध्य प्रांतातून सुमारे ३०० मुली-बाया इथे आणल्या. १९००च्या दुष्काळात हा आकडा २०००च्या घरात गेला. या बायका नुसत्या आश्रित नव्हत्या. त्या शेती करत, विणत, छापखान्यात खिळे जुळवत. रमाबाई १९२२ साली गेल्या. त्यांनी मराठीत केलेलं संपूर्ण बायबल १९२४ साली छापून निघालं, ते केडगावच्याच छापखान्यातून. धर्मांतरावर वाद झाले, आजही होतात. पण त्या वादात या बायकांचे श्रम झाकले गेले.

मीही माझ्या रजिस्टरात परित्यक्ता बाईच्या नावापुढे ‘लाभार्थी’ एवढंच लिहीत असे. आता तिला काय येतं, ती काय करते, हे विचारून लिहिते.

आज घरी गेल्यावर आपल्या गटाची वही उघडा. तिच्यात बाईचं काम कुठे लिहिलंय, तेवढं बघा.