चालता फोन, जुना फोन
(सुवर्णमहोत्सवी सभेतील भाषण)



ट्रस्टच्या महोत्सवात मास्तराने विद्येवर बोलावे अशी अपेक्षा असते. आम्ही आज मोबाईल फोनवर बोलणार आहो. त्याला कारण घडले. शिष्यवृत्तीची रक्कम हाती पडताच उचगावच्या एका मुलाने आम्हांला विचारले, "सर, एवढ्यात नवा फोन बसंल काय?"

त्याचा फोन आम्ही पाहिला. बोलता येत होते, धडे दिसत होते. फक्त दुपारपर्यंत बॅटरी संपत होती. मग नवा कशाला? "त्याच्या पुढचा आलाय की, सर!"

या 'पुढच्या'चीच सारी मौज आहे. आम्ही स्वतः बेळगावात एका दुकानी फोनची काच बदलावयास गेलो, तर दुकानदार काचेचे नावच काढीना. जुना द्या, उरलेले हप्त्यांनी भरा, व्याज नाही! व्याज नाही म्हटल्यावर आमच्यासारख्यांना अंमळ बरेच वाटते. कागद वाचल्यावर फी नावाचे एक कलम दिसते. आम्ही काच न बदलताच परतलो, आणि खरे सांगावयाचे तर वाटेत तो फोन खिशातून काढावयाची आम्हांला लाज वाटली. सकाळपर्यंत वाटत नव्हती.

ही विद्या आजची नव्हे. १९२४ साली जिनिव्हात बड्या दिवे-कंपन्यांनी संगनमत करून विजेच्या दिव्याचे आयुष्य १००० तासांवर आणले; अधिक टिकाऊ दिवा करील त्याला दंड! अलीकडचे उदाहरण ॲपल कंपनीचे. बॅटरी थकलेल्या जुन्या आयफोनांचा वेग आपणच कमी करीत होतो, असे तिने डिसेंबर २०१७ मध्ये कबूल केले. फोन एकाएकी बंद पडू नये म्हणून तसे केले, हा तिचा खुलासा अगदीच खोटा नव्हता. पण गिऱ्हाइकाला ते धड सांगितले नव्हते. नवी बॅटरी घातली की काम भागणार होते, आणि तो बिचारा फोनच म्हातारा झाला असे समजत होता. पुढे कंपनीने माफी मागितली, अमेरिकेत बॅटरी बदलण्याचा दर ७९ डॉलरांवरून २९ वर आणला. फ्रान्सने २०२० मध्ये अडीच कोटी युरो दंड केला. लोकांचा राग नव्या वस्तूवर नव्हता, या लपवाछपवीवर होता.

युरोपात २० जून २०२५ पासून विक्रीस येणाऱ्या फोनांचे महत्त्वाचे सुटे भाग, ते मॉडेल बंद झाल्यावरही ७ वर्षे मिळाले पाहिजेत असा नियम आहे. आपल्या केंद्र सरकारनेही डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल उघडले आहे. तेथे कंपनीवार दुरुस्तीची माहिती मिळते. वडील मंडळींनी मुलांकडून ते उघडून घ्यावे.

सारा दोष कंपन्यांवर लोटावयास मात्र आम्ही तयार नाही. लग्नाच्या मांडवात फोनची पाठ वर करून, निशाणी दिसेल असा टेबलावर ठेवणारे कोण? आपणच ना? पोरे ते पाहतात.

त्या मुलाची आई रताळ्यांच्या शेतात मजुरीला जाते. तिला बोलावून आम्ही दोघांना एका दुरुस्तीवाल्याकडे नेले. बॅटरी बदलली, उरलेल्या रकमेत पुस्तके आली आणि पुढल्या सहामाहीची फी बाजूला राहिली. फोन आता रात्रीपर्यंत चालतो. मुलगा आमच्याशी अजून नीट बोलत नाही.