पंचनामा पिकाचा, पैसे सातबाऱ्याला
(शेतकरी आणि शेतमजूर बायांच्या शिबिरात केलेलं भाषण)



सप्टेंबर 2025 मध्ये पाथर्डी-शेवगावकडे पाऊस कसा कोसळला, ते तुम्हाला सांगायला नको. उभी पिकं सडली, माती वाहून गेली. मग पंचनामे झाले. 33 टक्के किंवा जास्त नुकसान असेल तर कोरडवाहूला हेक्टरी 8,500, बागायतीला 17,000, बहुवार्षिक पिकाला 22,500 रुपये, असे तेव्हाचे निकष होते. रक्कम तोकडी होती, यावर पुष्कळ बोललं गेलं. मला वेगळं विचारायचं आहे. हे पैसे कोणाच्या खात्यावर गेले?

आमच्या गटातल्या एका बाईचं सांगते. नवरा जाऊन सहा वर्षं झाली. दीड एकर कपाशी ती एकटी करते. खुरपणी तिची, उसनवारी तिची. सातबाऱ्यावर मात्र थोरल्या दिराचं नाव आणि पुढे ‘ए. कु. मॅ.’, म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. पंचनाम्याला बांधावर उभी राहिली ती, पैसे जमा झाले दिराकडे. मागायला गेली तर म्हणाले, “तुला काय कमी केलंय आम्ही?”

यात कोणी लबाडी केली असंही म्हणता येत नाही. कारण मदत घामाला मिळत नाही, कागदाला मिळते. ज्यांचा कागद नाही त्या सगळ्याजणी बाहेर राहतात. विधवा, नवऱ्याने टाकलेली, तोंडी बटाईने शेत करणारी. आणि जिची कापूसवेचणीची मजुरी बुडाली तिचं नुकसान तर पंचनाम्यात येतच नाही. 2015-16 च्या कृषी गणनेत देशातल्या दर शंभर वहितीदारांत बाया होत्या सुमारे चौदा. शेतात मोजल्या तर किती निघतील?

1972 चा दुष्काळ आठवा. आपल्या आया-सासवांनी या जिल्ह्यात खडी फोडली. हाल झालेच. पण हजेरीपटावर बाईचं स्वतःचं नाव होतं, अंगठा तिचा होता. सातबारा आण, असं तिला कोणी म्हटलं नाही. मदत कष्टाला जोडता येते, हे याच मातीत आपण पाहिलं आहे.

विधवेचा वारसाहक्क 1956 च्या कायद्यात आहे. मुलीला वडिलोपार्जित जमिनीत बरोबरीचा वाटा आपल्या राज्याने 1994 मध्ये दिला, देशाने 2005 मध्ये. टाकलेल्या बायांचा प्रश्न घेऊन 1988 साली संगमनेरला परिषद झाली. कायदा आहे, लढ्याची वाटही आहे. नाव मात्र कागदावर चढत नाही. भाऊ दुखावेल, दीर बोलणं टाकेल, ही भीती आपल्याला अडवते. भीती खोटी नाही. म्हणून एकटीने जायचं नाही.

गावोगावच्या गटांनी तीन कामं धरावीत. वारस नोंद राहिलेल्या बायांची यादी करून तलाठ्याकडे सगळ्यांनी मिळून अर्ज द्यायचे आणि पोहोच घ्यायची. सामाईक जमिनीच्या संमतीपत्रावर पैसे कोणाच्या खात्यावर जाणार हे वाचल्याशिवाय अंगठा द्यायचा नाही. मदतीची यादी ग्रामसभेत मोठ्याने वाचायला लावायची. आणि सरकारकडे एकच मागणी: पंचनाम्यात जमीनमालकाबरोबर कसणाऱ्याचंही नाव लिहा.

पाऊस पुन्हा येईल. तोवर आपलं नाव कागदावर असलं पाहिजे.